प्रश्न विचारणाऱ्या मुलांचा दिवस

दिवाळीची सुट्टी संपली की महाविद्यालयांना स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. नाटकाच्या तालमी, शेलापागोटे, क्रीडास्पर्धा या सगळ्यांची चर्चा घरोघरी होते. पण त्याच सुमारास कॉलेजात आणखी एक लगबग चालू असते आणि तिची वार्ता घरापर्यंत फारशी पोचत नाही. एखादी मुलगी रोज संध्याकाळी तासभर उशिरा घरी येते. एखादा मुलगा फ्लेक्सच्या दुकानात पोस्टर छापायला वडिलांकडे पैसे मागतो. "कसला प्रोजेक्ट रे हा? परीक्षेत मार्क आहेत का त्याला?" असे वडील विचारतात. मुलगा मान खाली घालून सांगतो, "आविष्कारचा."

या 'आविष्कार'बद्दल आज आपल्या वाचकांशी बोलायचे आहे. कारण तो दिवस जितका मुलांचा आहे, तितकाच तो पालकांनाही समजायला हवा.

आविष्कार म्हणजे काय?

'आविष्कार' हे महाराष्ट्रातील विद्यापीठांचे आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन. ते २००६ मध्ये सुरू झाले. राज्याचे राज्यपाल हे विद्यापीठांचे कुलपती असतात आणि हे संमेलन कुलपतींच्या कार्यालयाच्या पुढाकाराने उभे राहिले. आपल्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षी महाराष्ट्राचे राज्यपाल होते एस. एम. कृष्णा, म्हणजे मंड्या जिल्ह्यातल्या सोमनहळ्ळीचे आणि १९९९ ते २००४ या काळात कर्नाटकाचे मुख्यमंत्री राहिलेले गृहस्थ. १० डिसेंबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या बंगळूरच्या कारकिर्दीवर भरभरून लिहिले. मराठी मुलांच्या संशोधनाचा हा मेळा एका कन्नड कुलपतींच्या काळात सुरू झाला, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. आपल्यासारख्या दोन्ही भाषांच्या घरांनी तरी ते लक्षात ठेवावे.

या संमेलनात सहा विभाग असतात. मानव्यविद्या, भाषा व ललितकला हा पहिला. वाणिज्य, व्यवस्थापन व विधी हा दुसरा. शुद्ध विज्ञाने, शेती व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान आणि वैद्यक व औषधनिर्माण हे पुढचे चार. पदवीची मुले पदवीच्या मुलांशी, पदव्युत्तर पदव्युत्तरांशी आणि पीएच.डी.चे संशोधक आपल्या बरोबरीच्यांशी स्पर्धा करतात. निवड आधी महाविद्यालयात होते, मग विद्यापीठात. आमच्या शिवाजी विद्यापीठात मध्ये जिल्ह्याचीही एक फेरी असते. शेवटी प्रत्येक विद्यापीठाचा संघ राज्य संमेलनाला जातो आणि त्याचे यजमानपद दरवर्षी वेगळ्या विद्यापीठाकडे असते.

पहिल्या फेरीत मूल आपल्या पोस्टरपाशी किंवा मॉडेलपाशी उभे राहते. परीक्षक येतात, पाच-सात मिनिटे ऐकतात, प्रश्न विचारतात. त्यातून निवडलेल्यांना पुढच्या फेरीत मंचावर उभे राहून मांडणी करावी लागते. ऐकायला हे सोपे वाटते. पण वर्गात अठरा वर्षे फक्त उत्तरे देत आलेल्या मुलाला "हा प्रश्न तुला का पडला?" असे कोणी पहिल्यांदा विचारते, तेव्हा त्याची कशी तारांबळ उडते ते पाहण्यासारखे असते.

एका सभागृहात सगळी शास्त्रे

या दिवसाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे शेजार. एरवी विज्ञान शाखेची इमारत वेगळी, कला शाखेची वेगळी. तीन वर्षे एका आवारात काढूनही मुले एकमेकांच्या विषयाला शिवत नाहीत. आविष्काराच्या सभागृहात मात्र उसाच्या पाचटावर काम करणारा मुलगा जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या मुलीच्या शेजारी उभा असतो. दुपारपर्यंत दोघांनी एकमेकांचे पोस्टर तोंडपाठ केलेले असते.

आपल्या भागात तर विषयांना तोटा नाही. कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घ्या. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते एकट्या कोल्हापूरला नव्हे, तर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना मिळून. वाणिज्यच्या मुलाने या चपलेचा बाजार पाहावा, रसायनशास्त्राच्या मुलीने कातडे कमावण्याची पद्धत पाहावी, भाषेच्या विद्यार्थ्याने कारागिरांच्या तोंडचे शब्द टिपावेत. कृष्णा-पंचगंगेला २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर आले. नदीकाठच्या घरांच्या भिंतींवर पाणी कुठवर चढले त्याच्या खुणा अजून आहेत. भूगोलाच्या विद्यार्थ्याला याहून मोठी प्रयोगशाळा कोण देणार?

बालाघाटचा फोन

हे सगळे मी वर्षानुवर्षे आमच्या मुलांना उत्साहाने सांगत आलो. पण एका प्रश्नाने मला अडवले आणि तो आला थेट बालाघाटहून.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन मध्य प्रदेशातल्या बालाघाटला गेली. दाजींचे घर मूळचे कन्नड. खाणीतल्या नोकरीच्या निमित्ताने ते तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात अज्जी कन्नड बोलतात, अक्का मराठी, शेजारी हिंदी आणि पवारी. आपल्याकडून जायचे तर कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने थेट गोंदिया आणि तिथून पुढे चाळीसेक किलोमीटर. वैनगंगेच्या काठचा, भाताचा आणि मँगनीजचा हा जिल्हा. तिथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या आजऱ्याच्या घनसाळसारखाच तोही वासाचा तांदूळ.

एका संध्याकाळी भाचीचा फोन आला. ती बी.एस्सी.ला. "मामा, तुमच्याकडे ते आविष्कार असतं ना? मला तिथे माझं काम मांडता येईल का?"

मला 'नाही' म्हणावे लागले. आविष्कार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे. बालाघाटची महाविद्यालये पूर्वी जबलपूरच्या विद्यापीठाकडे होती आणि २०१९ नंतर छिंदवाड्याच्या नव्या विद्यापीठाकडे गेली. गोंदियाच्या मुलीला जी वाट मोकळी आहे, ती चाळीस किलोमीटरवरच्या बालाघाटच्या मुलीला नाही.

फोन ठेवल्यावर मनात आले, हे दुःख आपल्याला नवीन थोडेच आहे? १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. त्या एका दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी विदर्भाचे मराठी जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मात्र मध्य प्रदेशातच राहिले. तोवर नागपूर ही बालाघाटचीही राजधानी होती. रेघ नकाशावर ओढली गेली. माणसांची सोयरीक, बाजार आणि बोली रेघेच्या दोन्ही बाजूंना राहिली. मुलांच्या वाटा मात्र त्या रेघेपाशी थांबतात. निपाणीच्या मुलाचे कागलशी नाते कितीही असो, त्याचे विद्यापीठ बेळगावचे राणी चन्नम्मा. आविष्काराच्या सभागृहात तो प्रेक्षक म्हणूनच येऊ शकतो.

हातपंपाचे पाणी

त्या वर्षी भाचीच्या महाविद्यालयानेच एक दिवसाचे छोटे संशोधन प्रदर्शन भरवले. सर्व शाखांची मुले एकत्र. अक्काने हट्ट धरला म्हणून मीही गेलो.

भाचीचा विषय साधा होता. वस्तीतल्या बायका हातपंपाच्या पाण्याबद्दल तक्रार करत, "भांडी काळी पडतात, पांढऱ्या कपड्यांवर डाग राहतात." पाण्यात लोह जास्त असेल तर डाग तांबूस पडतात आणि मँगनीज असेल तर काळपट. बालाघाटच्या भूगर्भात मँगनीज आहेच. तेव्हा आपण पितो त्या पाण्यात ते किती आहे, हा तिचा प्रश्न. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर ०.३ मिलिग्रॅम. यापेक्षा जास्त मँगनीज दीर्घकाळ पोटात गेले तर ते लहान मुलांच्या दृष्टीने विशेष काळजीचे मानले जाते.

तिने प्रश्नावली हिंदीत काढली, बायकांनी उत्तरे मराठीत आणि पवारीत दिली, आणि घरी येऊन ती अज्जीला सगळे कन्नडमध्ये सांगत असे. नमुने गोळा केले, प्रयोगशाळेत तपासले. आकडे कमी आले. ती खूश झाली. वस्तीत जाऊन "पाणी चांगलं आहे, काळजी करू नका" असे सांगायचे तिच्या मनात होते.

इथे गोष्ट फिरली. तिच्या मार्गदर्शक बाईंनी बाटल्या उन्हाकडे धरून पाहिल्या. तळाशी आणि कडेला काळसर पातळ थर होता. हातपंपातून येताना मँगनीज पाण्यात विरघळलेले असते. हवेशी संपर्क आला की हळूहळू त्याचा न विरघळणारा साका बनतो आणि बाटलीला चिकटतो. म्हणून असे नमुने स्वच्छ, आम्लाने धुतलेल्या बाटलीत घ्यायचे असतात आणि त्यात लगेच थोडे नायट्रिक आम्ल घालायचे असते. भाचीने पाण्याच्या जुन्या बाटल्या वापरल्या होत्या आणि नमुने चार दिवस तसेच ठेवले होते. मँगनीज काचेच्या नळीपर्यंत पोचलेच नव्हते. ते बाटलीतच राहिले होते.

प्रदर्शनाला आठवडा उरला होता. मैत्रिणी म्हणाल्या, "कोणाला कळणार आहे? आकडे आहेत ना, लाव पोस्टर." दाजींनाही वाटले की पोरीचे दोन महिने वाया जाऊ नयेत. दोन रात्री ती धड जेवली नाही. मग तिने जमतील तेवढ्या पंपांचे नमुने रीतीप्रमाणे पुन्हा घेतले आणि पोस्टरवर दोन रकाने केले. एकात पहिले आकडे, दुसऱ्यात नवे. नवे आकडे वरचे होते. खाली तिने लिहिले, "पहिल्या वेळी नमुने घेण्याची माझी पद्धत चुकली. दुसऱ्या वेळचे नमुने थोडे आहेत. त्यावरून मी अजून निष्कर्ष काढत नाही."

आजूबाजूला दिवे लागणारी, पाणी उडवणारी मॉडेल होती. त्यातली काही विकत आणलेली होती हे लांबूनही कळत होते. भाचीच्या टेबलावर कागद आणि काळ्या तळाच्या दोन बाटल्या. पण बाहेरून आलेले वयस्कर परीक्षक तिथे सर्वांत जास्त वेळ थांबले. "ही चूक तू लपवली असतीस तर काय झालं असतं?" असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, "सर, बायकांनी माझ्यावर विश्वास ठेवून तेच पाणी मुलांना पाजलं असतं."

बक्षीस तिला मिळाले नाही. ते एका छान चालणाऱ्या मॉडेलला गेले. तीही मुलाची मेहनतच होती, तक्रार नाही. पण परतीच्या गाडीत मी विचार करत होतो, की आम्ही प्राध्यापक वर्षभर 'संशोधनाची नीतिमूल्ये' शिकवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्यविरोधी नियम २०१८ पासून लागू आहेत, तेही पाठ करून घेतो. ते सगळे या मुलीने तीन ओळींत लिहिले होते.

तीन वर्षे की चार?

एखाद्याला वाटेल, पोरासोरांच्या पोस्टरचे एवढे काय कौतुक? तर याला आता घरच्या खर्चाशी जोडलेले एक अंग आले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची वाट उघडली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असलेल्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधन करून 'ऑनर्स विथ रिसर्च' ही पदवी घेता येते. त्यासाठी प्रबंध लिहावा लागतो. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवलेला विद्यार्थी एम.ए., एम.एस्सी. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र ठरतो.

पण सीमेवर राहणाऱ्या घरांनी नीट पाहावे. कर्नाटक आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांनी हे धोरण २०२१ मध्ये सर्वांआधी लागू केले. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ते पदवीला २०२४-२५ पासून आले. आणि त्याच २०२४-२५ पासून कर्नाटक पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळले. म्हणजे एकाच घरातली दोन भावंडे सीमेच्या दोन बाजूंना शिकत असतील, तर एकाची पदवी तीन वर्षांची आणि दुसऱ्यापुढे चौथ्या वर्षाचा पर्याय. कोणते चांगले, हा वाद मी इथे घालत नाही. ज्या घरात एक वर्षाची फी आणि एक वर्षाची कमाई या दोन्हींचा हिशेब करावा लागतो, त्या घराने तो करावाच. पण चौथे वर्ष घ्यावे की नाही हे ठरवण्याआधी मुलाला खरोखर संशोधनाची गोडी आहे का, हे कळायला हवे. ते कळायला असा एक दिवस फार स्वस्तात मदत करतो.

बाहेरच्या देशांनी हे आधीच ओळखले. अमेरिकेतल्या एमआयटीने १९६९ मध्ये पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामील करून घेण्याची योजना सुरू केली. तिथल्या पदवी विद्यार्थ्यांचे राष्ट्रीय संशोधन संमेलन १९८७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिल इथे पहिल्यांदा भरले. योगायोग असा, की आपल्याकडे २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिनही १९८७ पासूनच साजरा होऊ लागला.

सीमेपलीकडच्या मुलांनाही वाट अगदीच बंद नाही. भारतीय विद्यापीठ संघ 'अन्वेषण' नावाचे विद्यार्थी संशोधन संमेलन विभागीय आणि राष्ट्रीय पातळीवर भरवतो. तिथे राज्याची अट नाही, विद्यापीठाने आपला संघ पाठवायचा असतो. अडचण एवढीच, की छोट्या गावातल्या महाविद्यालयांत हे नाव पोचत नाही. आपल्या मुलाच्या प्राचार्यांना एकदा विचारून पाहा. पालकाने विचारले की फाइल हलते, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

दोन भाषांची शिदोरी

आपल्या घरांतली मुले इंग्रजीला बिचकतात आणि कधी कधी आपल्या मिसळलेल्या मराठी-कन्नडचीही त्यांना लाज वाटते. त्यांना सांगायला हवे, की ही लाजेची गोष्ट नसून हाताशी असलेले अवजार आहे. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेले थोर कन्नड संशोधक शं. बा. जोशी यांनी 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' हा ग्रंथ मराठीत लिहिला. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ मध्ये आला, तोही कर्नाटकाकडे पाठ फिरवून लिहिता आला नसता. पंढरपूर समजायचे तर कानडी मुलखाशी असलेले त्याचे नाते समजावे लागते. जतच्या एखाद्या वाडीत कन्नडमध्ये प्रश्न विचारून मराठीत टिपण काढणारे मूल जे मिळवील, ते पुण्या-मुंबईच्या हुशार विद्यार्थ्यालाही सहज मिळणार नाही. भाचीला पंपावरच्या बायकांनी मन मोकळे केले, ते ती त्यांच्या बोलीत बोलली म्हणूनच.

पालकांनी काय करावे?

फार काही नाही. मुलाचा विषय विकत आणू नये, तो त्याला घरात, शेतात, बाजारात सापडू द्यावा. बाजारातून मॉडेल घेऊन देऊ नये. पोस्टर रंगीतच हवे असा हट्ट नको, आकडे खरे आहेत का ते विचारावे. "नंबर आला का?" याऐवजी "परीक्षकांनी काय विचारलं?" असे विचारावे. आणि जमल्यास त्या दिवशी तासभर कॉलेजात जाऊन यावे. आपले मूल अनोळखी माणसांसमोर उभे राहून न अडखळता बोलते आहे, हे दृश्य स्नेहसंमेलनातल्या नाचाहून कमी देखणे नसते.

परवा भाचीचा पुन्हा फोन आला. या वेळी तिने बाटल्या आधीच आम्लाने धुऊन ठेवल्या आहेत आणि वस्तीतल्या सगळ्या पंपांची यादी केली आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा असे नमुने घ्यायचे आहेत. अज्जी तिच्याबरोबर पंपावर जातात, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला.

"मामा, या वेळी निष्कर्ष निघेल ना?" तिने विचारले.

"निघेल तेव्हा निघेल," मी म्हटले. "तोवर बायकांना काय सांगितलंस?"

"सांगितलंय की अजून शोधतेय. आणि तोवर लहान मुलांना नळाचं पाणी द्या."